क्लोझापिन सुरू करताय? रक्ताची टेस्ट होईलच, पण घरी बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भावाला स्किझोफ्रेनिया आहे, रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं, दोन्ही पुरेसे दिवस दिली तरी कानातले आवाज आणि संशय काही थांबला नाही, आता डॉक्टर क्लोझापिन म्हणतायत. आणि आईने कुठून तरी ऐकलंय की या गोळीने रक्तातल्या पेशी मरतात आणि पेशंट दगावतो. तर द्यायचं का, दिलं तर घरी काय बघायचं, आणि तो सिगारेट ओढतो ते चालेल का. तिन्हीची उत्तरं देतो, जरा लांबेल पण वाचा.

मी इतकी वर्षं ही गोळी लिहून देतोय त्यात एक गोष्ट सारखी दिसते, घरचे सगळे रक्ताला घाबरतात आणि रक्ताचीच टेस्ट नेमाने होते, त्यामुळे तो धोका बहुतेक वेळा वेळेत सापडतो. त्रास होतो तो ज्याची टेस्ट नाही अशा गोष्टींनी, म्हणजे तुंबलेलं पोट, अचानक सोडलेली सिगारेट, दोन-तीन दिवस चुकलेल्या गोळ्या, साधा समजून अंगावर काढलेला ताप. हे सगळं घरातच कळतं, दवाखान्यात नाही. म्हणून माझं उत्तर मुख्यतः घरच्यांसाठीच आहे.

आधी द्यायचं का ते. दोन वेगवेगळी अँटिसायकोटिक (म्हणजे आवाज-संशय कमी करणारी औषधं) योग्य डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे, खरंच पोटात जाऊन (हे महत्त्वाचं, खूप जण गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतात) तरी फरक नसेल तर त्याला ट्रीटमेंट रेझिस्टंट म्हणतात, आणि तिथे क्लोझापिनच्या तोडीचं दुसरं औषध अजून तरी नाही. तिसरं, चौथं, पाचवं साधं औषध बदलून बघण्यात वर्षं जातात, हातात फारसं काही येत नाही. १९८८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्यात कुठल्याच औषधाला दाद न देणारे पेशंट घेतले होते, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर शंभरातले चारच सुधारले आणि क्लोझापिनवर तीस, तेही सहाच आठवड्यांत. त्यानंतर १९८९ ला तिथे त्याला परवानगी मिळाली. शिवाय आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न कमी करण्यासाठी म्हणून खास मंजुरी असलेलं स्किझोफ्रेनियातलं हेच औषध आहे, ती मंजुरी २००२ ची. आणि आईला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, फिनलंडमध्ये अकरा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतर अँटिसायकोटिक घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं, जास्त नाही.

गंमत म्हणजे आईने ऐकलेली भीतीही फिनलंडचीच. १९७५ मध्ये तिथे हे औषध नवीन होतं, रक्त तपासायची पद्धत नव्हती, काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या आणि आठ जण इन्फेक्शनने गेले. औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. नंतर परत आलं ते रक्ततपासणीच्या अटीवरच. म्हणजे आई खोटं बोलत नाहीये, फक्त ती गोष्ट तपासणी नसतानाच्या काळातली आहे.

आता तपासणीचं. रिपोर्टमध्ये तुम्ही एकच आकडा शोधायचा, एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा. काही लॅब तो वेगळा देत नाहीत, मग एकूण डब्ल्यूबीसीला (सगळ्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याला) न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणायचं, उदाहरणार्थ ६००० पेशी आणि ६० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ३६००. सुरू करायला हा आकडा १५०० किंवा वर लागतो. १००० ते १५०० च्या मध्ये आला तर गोळी लगेच बंद होईलच असं नाही, पण टेस्ट आठवड्यातून दोन-तीनदा होते. १००० च्या खाली आला की गोळी थांबवतात. ५०० च्या खाली आणि वर ताप, म्हणजे थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. काही लोकांचा आकडा जन्मापासूनच कमी असतो आणि ते ठणठणीत असतात, त्यांच्यासाठी मर्यादा वेगळ्या आहेत, ते डॉक्टर ठरवतील.

पेशी घसरण्याचा धोका सुरुवातीच्या चार-साडेचार महिन्यांत सगळ्यात जास्त, एकूण शंभरात एकापेक्षा कमी लोकांना, आणि वर्षानंतर फारच थोडा उरतो. म्हणून टेस्ट आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. दर आठवड्याचा काळ कुठे १८ आठवडे असतो, कुठे सहा महिने, तुमच्याकडे जे सांगतील ते पाळा. २०२५ मध्ये अमेरिकेने प्रत्येक रिपोर्ट ठरवून दिलेल्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय गोळी द्यायची नाही हा नियम काढून टाकला, त्यावरून "आता टेस्ट लागत नाही" असं काही जण सांगत सुटलेत. तसं नाहीये. नोंदणीची सक्ती गेली, टेस्ट करायची शिफारस आहे तशीच आहे.

सुरुवात कशी होते ते सांगतो म्हणजे घाबरणार नाही. पहिल्या दिवशी साडेबारा मिलिग्राम, म्हणजे २५ च्या गोळीची अर्धी, कधी दिवसातून एकदा कधी दोनदा. एवढी कमी का, तर बीपी एकदम पडू शकतं, झोपेतून उठला आणि धाडकन पडला असं होतं, म्हणून. पहिले काही आठवडे त्याला सांगा की आधी कुशीवर वळ, मग पलंगाच्या कडेला मिनिटभर बस, मग उभा राहा. डोस हळूहळू वाढवत नेतात, बरेच जण ३०० ते ४५० च्या आसपास स्थिर होतात, पण आशियाई वंशाच्या लोकांत, बायकांत आणि न ओढणाऱ्यांत त्याहून बऱ्याच कमी डोसमध्ये काम होतं. त्यामुळे इंटरनेटवरचा आकडा बघून "आमच्या भावाला कमी देतायत" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. घाईने वाढवलेला डोस हाच पुष्कळ त्रासांचं मूळ असतो.

पहिल्या महिन्यात अजून एक बघायचं, हृदयाच्या स्नायूला सूज. होते थोड्यांनाच पण होते ती बहुतेक पहिल्या चार आठवड्यांत. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, बसल्याजागी धडधड, फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येणं. पंचाईत अशी की या औषधाने नाडी तशीही जलद होते आणि सुरुवातीला साधा ताप येऊन जातो, त्यामुळे कुठलं साधं कुठलं नाही हे घरी बसून ओळखता येत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते), सीआरपी (शरीरात सूज आहे का ते) आणि ईसीजी यावरून डॉक्टरांना कळतं. बरेच जण सुरू करण्याआधी आणि मग पहिला महिना दर आठवड्याला या टेस्ट करून घेतात, तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्या नसतील तर विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता पोट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे कोणी बोलत नाही. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंद होते, थोडीथोडकी नाही, न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात मोठ्या आतड्यातून मल पुढे सरकायला सुमारे चौपट वेळ लागत होता. आणि त्यातले कितीतरी पेशंट "मला काही त्रास नाही" असंच म्हणत होते. म्हणजे विचारून उपयोग नाही, मोजावं लागतं. पोट इतकं तुंबतं की आतडं फुगतं, त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि माणूस एका रात्रीत गंभीर होतो. क्लोझापिनवर असलेल्या माणसाला न्यूट्रोफिल घसरण्यापेक्षा या आतड्याच्या त्रासाने दगावण्याचा धोका कमी नाही, तरी घरोघरी फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट व्यवस्थित लावलेले असतात आणि शेवटची संडास कधी झाली हे कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये यावर कडक इशारा काढला तो उगाच नाही.

तर करायचं काय. कॅलेंडरवर रोज एक खूण, झाली की नाही एवढंच. मोठा माणूस आहे, त्याला लाज वाटेल, म्हणून खूण त्यालाच करू द्या आणि तुम्ही फक्त कॅलेंडर बघा. दोन दिवस कोरे गेले की डॉक्टरांना फोन. पोट साफ व्हायचं औषध मी गोळीबरोबर पहिल्या दिवसापासूनच देतो, सोनामुखीची गोळी किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर वगैरे, अडल्यावर बघू असं नाही ठेवत. इसबगोल मात्र इथे नको, ते फुगून मल वाढवतं आणि आतडं ढकलायलाच तयार नसेल तर अडचण वाढते. आणि हे नीट लक्षात घ्या, पोटात सतत दुखतंय, पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत, किंवा इतके दिवस अडलेलं असताना अचानक पातळ संडास सुरू झाली (ती तुंबलेल्याच्या कडेने झिरपत असते, लोकांना वाटतं चला मोकळं झालं), तर ओपीडीची वाट बघायची नाही, इमर्जन्सीत जायचं आणि आत शिरताना पहिलं वाक्य "हा क्लोझापिनवर आहे" असं सांगायचं. सर्जनला ते आपणहून सुचेलच असं नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट. आधीच्या औषधाबरोबर हातपाय थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी चालू असेल. क्लोझापिनने थरथर फारशी होत नाही, म्हणजे जुनं औषध पूर्ण सुटलं की त्या गोळीची गरज बहुधा राहत नाही, पण ती प्रिस्क्रिप्शनमध्ये नुसती पुढे सरकत राहते आणि पोट आणखी बांधून ठेवते. डॉक्टरांना मुद्दाम विचारा की ही अजून लागते का. स्वतःहून बंद करू नका.

सिगारेट. तुम्हाला वाटलं असेल मी म्हणेन सोडायला लावा. सोडावीच, पण कधी आणि कशी हे डॉक्टरांना कळवून. सिगारेटच्या धुरातल्या रसायनांनी लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन भराभर साफ होतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, दिवसाला सात-दहा सिगारेटीसुद्धा त्याला पुरतात. ओढणं थांबलं की आठवडाभरात ते एन्झाइम थंडावतं आणि तीच गोळी, तोच डोस, पण रक्तातलं प्रमाण दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातं. मग भाऊ दिवसभर गुंगीत, लाळ वाढलेली, बोलणं जड, आणि प्रमाण फारच चढलं तर फिट येऊ शकते. घरचे आनंदात असतात की पोराने सिगारेट सोडली आणि इकडे हे. यात धूर महत्त्वाचा, निकोटिन नाही, म्हणून निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम लावलं तरी प्रमाण चढायचं ते चढतंच, आणि तंबाखू चघळणाऱ्याला ओढणाऱ्यासारखा जास्त डोस लागत नाही.

याची उलटी बाजू हॉस्पिटलमध्ये दिसते. वॉर्डात ओढायला बंदी, तिथे डोस बसवला, छान सुधारला, घरी आला, परत पाकीट सुरू, रक्तातलं प्रमाण खाली आणि महिन्याभरात आवाज परत. सगळे म्हणतात गोळी लागू पडली नाही. गोळीला काय झालंय, धुराने पळवली. म्हणून अ‍ॅडमिट करणार असाल तर तो रोज किती ओढतो हे आधीच सांगा आणि घरी जाताना डोसचं काय करायचं ते विचारून निघा.

चहा-कॉफीचंही थोडंसं तसंच आहे, कॅफिनने प्रमाण वाढतं, रोज घेतो तेवढं घेत राहिला तर काही नाही, एकदम दुप्पट किंवा एकदम बंद नको. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक लघवीच्या इन्फेक्शनला किंवा जुलाबाला सर्रास लिहिलं जातं, त्याने क्लोझापिन चांगलंच चढतं. फ्लुवॉक्सामिन या डिप्रेशन-ओसीडीच्या औषधाने तर कितीतरी पटीने. उलट फिटचं कार्बामाझेपिन आणि टीबीचं रिफॅम्पिसिन ते पाडतात, आणि कार्बामाझेपिन पांढऱ्या पेशींनाही त्रास देतं म्हणून ही जोडी टाळायचीच. त्याच्या पाकिटात एक कागद ठेवा, क्लोझापिन चालू आहे, डोस एवढा, डॉक्टरांचा नंबर. दातांच्या डॉक्टरकडे गेला तरी दाखवायचा.

ताप कधीही आला, पहिल्या महिन्यात नव्हे तर दोन वर्षांनीसुद्धा, घसा दुखतोय, तोंडात फोड आलेत, तर त्याच दिवशी सीबीसी. नुसती पॅरासिटामॉल देऊन उद्या बघू नाही. पेशी ठीक निघाल्या तरी काम संपलं नाही, कारण न्यूमोनियासारख्या मोठ्या इन्फेक्शनमध्ये शरीर क्लोझापिन नीट साफ करू शकत नाही, प्रमाण चढतं, पेशंट नेहमीपेक्षा जास्त गुंगतो, घास घशात अडकतो, लाळ छातीत जाते आणि न्यूमोनिया आणखी वाढतो. अशा वेळी डॉक्टर काही दिवस डोस कमी करतात. हे माहीत नसलेल्या ठिकाणी अ‍ॅडमिट झालात तर मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून द्यायचं काम तुमचं.

गोळ्या चुकल्या तर. एक वेळ चुकली, सोडून द्या, पुढची वेळेवर, दोन एकदम नाही. पण सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीचा डोस परत सुरू करायचा नाही, म्हणजे नाही. शरीराची सवय तेवढ्यात सुटते, आणि ३०० वर असलेल्याने तीन दिवसांनी एकदम ३०० घेतली तर बीपी कोसळून बेशुद्ध पडू शकतो. परत साडेबारापासून चढत यायचं, मात्र दुसऱ्या वेळी डॉक्टर लवकर वाढवू शकतात. त्याला आठवत नसेल शेवटची कधी घेतली, तर पाकिटातल्या गोळ्या मोजा. प्रवासाला निघताना, सणासुदीला मेडिकल बंद असताना, हे असलं घडतं, म्हणून हाताशी आठवड्याचा साठा ठेवा. आणि "बरा झाला आता" म्हणून कोणीही अचानक बंद करायची नाही. अचानक बंद केल्यावर आजार नुसता परत येत नाही, काही दिवसांत जोरात येतो, शिवाय उलट्या, घाम, झोप उडणं, तळमळ हे वेगळंच. रक्तासाठी किंवा हृदयासाठी तातडीने थांबवायची वेळ आली तर ती गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

लाळ गळणं, वजन आणि झोप या तीन तक्रारी बहुतेक सगळ्यांच्या. झोपेसाठी डोसचा मोठा भाग रात्री देतात. लाळेसाठी उशी उंच, कुशीवर झोपणं, नाहीच जमलं तर औषधं आहेत, पण त्यातली काही पोट बांधतात म्हणून आधी कॅलेंडर बघायचं मग औषध. रात्री अंथरुणात लघवी होणंही या गोळीने होतं, पेशंट मरेपर्यंत सांगत नाहीत, चादर तोच धुवायला लागला तर समजून घ्या आणि डॉक्टरांना सांगा, उपाय असतो. वजनाचं मात्र वाट बघू नका, पहिल्या तीन महिन्यांत जे चढतं ते उतरवणं फार अवघड जातं. सुरुवातीलाच वजन, कंबर, साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल करून ठेवा, आणि वजन चढायला लागलं की मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीबद्दल विचारा.

फरक किती दिवसांत दिसेल असं विचाराल. पुरेशा डोसवर पोचल्यानंतर निदान तीन महिने द्या, काहींना त्याहून उशिरा गुण येतो. न आला तर डोस वाढवायच्या आधी रक्तातली क्लोझापिनची लेव्हल तपासता येते का बघा, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. ३५० नॅनोग्राम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर औषधाला अजून पुरती संधीच मिळालेली नाही, ६०० च्या वर गेली तर फिटचा विचार करावा लागतो. आणि लेव्हल फारच कमी निघाली तर दोनच शक्यता आधी बघायच्या, धूर किंवा न घेतलेल्या गोळ्या.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना हे लिहून न्या: तो रोज किती ओढतो, चहा-कॉफी किती, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पोटाचा काय हिशोब आहे, घरात कोणाला शुगर किंवा हार्टचा त्रास, आणि त्याला पूर्वी कधी फिट आलेली का. आणि रविवारी रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा, तो नंबर त्याच दिवशी घेऊन या.